उलट्या पावलांचं माप

गेले आठ महिने एक हडळ माझ्यामुळे चपलांची वाट बघत बसली आहे. चपला होत नाहीत, कारण मध्ये प्रेमप्रकरण आलं. तिचं. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या बाईने असली वाक्यं जरा सांभाळून लिहावीत.

मी कादंबरी लिहितेय. हल्ली ज्याला 'कोझी फँटसी' म्हणतात ना, त्यातली. जादू आहे, भुतं आहेत, पण युद्ध नाही, जगबुडी नाही; फार तर दूध उतू जाईल. आपल्याकडे 1861 च्या 'मुक्तामाला' कादंबरीपासून अद्भुतरम्य म्हटलं की नायिकेमागे हालअपेष्टांची रांग लागते. म्हटलं, एकदा तरी भुताखेतांना निवांत जगू द्यावं.

माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. तिथे आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या चामडी चपला वाहतात, चांगल्या दांडग्या. देव रात्री त्या घालून फिरतो, अशी श्रद्धा. लहानपणी मी त्यांचे तळ निरखून बघायचे, कुठे माती लागलीय का म्हणून. कादंबरी तिथूनच निघाली. माझा नायक गणू देवाच्या चपला शिवतो. एका रात्री चिंचेवरची हडळ त्याच्या दारात उभी राहते. "देवाक गावतत, मगे माका कित्याक नाय?" तिला दहीकाल्याच्या जत्रेत रात्रभर दशावतार बघायचाय आणि अनवाणी जायचं नाही. झालं कथानक. जत्रेआधी चपला होतील का, एवढाच प्रश्न. (ती हडळ का झाली, ते मी उघडलं नाही. ते उघडलं की कथा निवांत राहत नाही.)

तिसऱ्या प्रकरणात गणूने माप घ्यायला कागद अंथरला. तिने त्यावर उलटं पाऊल ठेवलं. त्याची पेन्सिल टाचेवरून तळव्याच्या आतल्या बाजूला आली आणि हडळ खुदकन हसली. मी हे लिहीत होते तेव्हा कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या, मला एकही ऐकू आली नाही. वरणाचा कोळसा झाला, पण प्रसंग असा जमला की चौथ्या प्रकरणात मी परत माप घ्यायला लावलं. पाचव्यात कागद भिजला. सहाव्यात पौर्णिमा होती.

"एवढ्या मापात बूट झाला असता," नवरा म्हणाला. तो हिशेबातला माणूस. "ॲडव्हान्स घेतलाय का त्याने?"

लेक म्हणाली, "बाबा, थांब ना. आई, मस्त स्लो बर्न आहे, हळूहळू पेटणारं प्रेम."

"खाली लागलं का काही?" सासूबाई आतून.

त्या रोज रात्री दोन मालिका बघतात, दोन्हींत विषप्रयोग चालू असतो. माझं लिखाण त्या ऐकतात, पण समाधान नाही. "अगं, एक तरी मरू दे."

"आई, ती आधीच मेलेली आहे."

"मग दुसरं कोणीतरी."

जगबुडीच्या कादंबरीत एक बरं असतं. राक्षस वेशीवर आला की प्रेमिकांना हात सोडून तलवार घ्यावीच लागते. माझ्याकडे राक्षस नाही, जत्रेची तारीख आहे; आणि तारीख काय, लेखकाच्या हातात! मी ती दोनदा पुढे ढकलली. वैतागून मग सातव्या प्रकरणात प्रेम बंद केलं. कातडं, बाभळीची साल, हिरडा, आरी, रापी, नुसतं काम. ते प्रकरण वाचताना लेकीने मोबाइल बघितला.

अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. हडळीची चप्पल मुळात कशी असेल? मी कधी विचारच केला नव्हता. बोटं मागे, टाच पुढे. म्हणून रविवारी दुपारी सगळे झोपल्यावर नवऱ्याची कोल्हापुरी घालून हॉलमध्ये उलटी चालायला लागले. पहिलं पाऊल ठीक. दुसऱ्याला पाय चपलेच्या अंगठ्यातून निसटायला लागला. तिसऱ्याला चप्पल जागेवर आणि मी कुंडीत. दार उघडं होतं. समोरच्या काकू कोथिंबीर मागायला आल्या होत्या, त्या न मागताच गेल्या.

पण कुंडीत बसल्या बसल्या कळलं. आपण पुढे चालतो तेव्हा पाय पट्ट्यात रुततो. टाचेकडे चालणाऱ्याचा पाय चपलेतून मागच्या मागे बाहेर येतो. म्हणजे हडळीला टाचेला पट्टा हवा! आणि तो किती घट्ट हवा, हे गणूला कागदावरून कळणार नाही. तिला चालायला लावावं लागेल, तिच्याबरोबर चालावं लागेल, रोज रात्री, चिंचेपासून व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत. चप्पल निसटली की वाकून परत चढवायची. आता एक पाऊल पडलं की पट्ट्याचं भोक सरकत होतं आणि गणूही. नवऱ्याचा ॲडव्हान्सही मी ढापला: प्रत्येक फेरीला ती त्याच्या उंबऱ्यावर मूठभर चिंचा ठेवते. तो कोणाला सांगत नाही, पण त्याच्या घरचं सार दिवसेंदिवस आंबट होत जातं.

काल रात्री शेवटून दुसरं प्रकरण वाचून दाखवलं. जत्रा उद्यावर, उजवी चप्पल झाली आहे, हडळ ती घालून व्हाळापर्यंत जाऊन आली, निसटली नाही. मी वही मिटली. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केलेला होता.

"आणि डावी?"

"तुम्हाला कोणीतरी मरायला हवं होतं ना?"

"ते राहू दे गं. रात्र थोडी राहिलीय, डावी कधी शिवणार तो?"