डोळा बादलीवर जातो

फोटो आईचा, पैसे माझे, आणि मत मी कुणाला विचारलेलं नव्हतं. तरी काल स्टुडिओच्या काउंटरवर, पासपोर्ट फोटोसाठी ताटकळत बसलेल्या एका काकांनी माझ्या हातातला आठ बाय दहाचा प्रिंट अलगद काढून घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "बादली कुणाची?"

फोटो मेणवलीचा. वाईजवळचा कृष्णेचा घाट, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा. तिथं मेणेश्वराच्या आवारात पोर्तुगिजांची मोठी घंटा टांगलेली आहे, १७३९च्या मराठ्यांच्या वसईच्या विजयानंतर आणलेली. घंटेवर बाळाला घेतलेली मेरी आहे. ती बघून आई म्हणाली, "अगं बाई, हिच्याही कडेवर पोर!" आणि हसतहसतच घाटाच्या पायऱ्यांवर आली. तेवढ्यात मी मोबाइल काढला. एरवी कॅमेरा दिसला की ती ओळखपरेडला उभी केल्यासारखी होते. तेव्हा बादलीकडे कोण बघतो?

काका बघतात.

"लाल आहे. लाल रंग डोळ्याला आधी खेचतो. मी फोटो बघतो, डोळा बादलीवर जातो, तिथून पायऱ्या उतरतो आणि थेट नदीत. पायऱ्या म्हणजे लीडिंग लाइन्स. त्यांनी सब्जेक्टकडे न्यायला पाहिजे. तुमच्या पायऱ्या धुण्याकडे नेतात."

"ते धुणं आमचं नाही."

"फ्रेम तर तुमची आहे ना?"

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मग कुठलीशी फोटोग्राफीची कार्यशाळा केलेली. ही माहितीही मी विचारली नव्हती.

"आणि नदी बघा. डावीकडे सांडतेय. होरायझन तिरका. कृष्णेला एवढा उतार असता तर धोमचं धरण आम्ही तिथं बांधलंच नसतं."

हे मला आवडलं, हे कबूल. हसलो, आणि तिथंच फसलो. श्रोता मिळाला म्हटल्यावर काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"या बाई कोण?"

"आई."

"मधोमध उभ्या आहेत."

"आमच्याकडे आई मधोमधच असते."

काका हसले नाहीत. त्यांनी अंगठ्याच्या नखानं माझ्या चकचकीत प्रिंटवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा ओढल्या. खरोखरच्या. अजून दिसतात. "रूल ऑफ थर्ड्स. हे चार छेद. चेहरा यातल्या एकावर हवा." मग पासपोर्ट फोटोंची दोन पाकिटं घेऊन त्यांनी फोटोवर काटकोनात ठेवली आणि सरकवायला लागले. नदी सरळ झाली. पायऱ्या कोपऱ्यातून सुंदर वळत आल्या. बादली बरोब्बर छेदावर बसली. आईचं फक्त कोपर उरलं.

"आता बघा," काका म्हणाले. "आता फोटो झाला."

स्टुडिओवाला मान वाकडी करून बघत होता. "काका बरोबर बोलतायत. क्रॉप करून देऊ? शंभर रुपये जास्त."

घरी येऊन मी हा नियम शोधला. त्याला नाव दिलं जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकारानं, १७९७ साली. तेव्हा कॅमेरा नव्हता; कॅमेऱ्यानं काढलेला आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना फोटो १८२६-२७च्या सुमाराचा. स्मिथ बोलत होता निसर्गचित्रातल्या जमीन आणि आकाशाच्या वाटणीबद्दल. आयांबद्दल तो काही म्हणाल्याचं मला दिसलं नाही. आणि क्रॉपिंगचं म्हणाल तर नामवंत फ्रेंच फोटोग्राफर कार्तिये-ब्रेसाँ त्याला नाक मुरडायचा, पण पॅरिसच्या डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा १९३२चा फोटो कड कापलेलाच आहे, कारण कुंपणाची फळी आड येत होती. त्याची फळी गेली. माझी आई जात होती.

ऐंशीच्या दशकातल्या आमच्या नात्यातल्या लग्नांच्या अल्बमांत नवरा नवरीच्या तळहातावर उभा असायचा, नाहीतर बदामात तरंगायचा. कुणी म्हणालं नाही की डोळा तळहातावर जातो. लोक विचारायचे, ही कुणाची गं, ठाण्याच्या मावशीची का? आता फोनमध्येच रेघांची जाळी येते आणि प्रत्येक जण परीक्षक झालाय. फोटोतलं माणूस का हसतंय हे एकालाही विचारावंसं वाटत नाही. काकांनी विचारलं असतं तर मी घंटेची गोष्ट सांगितली असती. वैताग त्याचाच आहे. शिवाय मोबाइलचा फोटो चारास तीन आणि फ्रेम पाचास चार, त्यामुळे स्टुडिओवाल्यानं न विचारता दोन्ही कडा आधीच उडवल्या होत्या, त्यावर काका अवाक्षर बोलले नाहीत.

तर, तिकडे स्टुडिओत तेवढ्यात आतून हाक आली. काका स्टुलावर बसले. मागे पांढरा पडदा. "काका, मध्ये या. अजून मध्ये. मान सरळ. हसू नका." काका निमूट मध्ये सरकले. छेद नाही, रेघ नाही, दोन्ही कान दिसतायत. यावर काय बोलायला हवं होतं ते मला रात्री पावणेबाराला सुचलं.

फ्रेम घेऊन घरी आलो. आईनं ती हात लांब करून धरली, बराच वेळ न्याहाळली.

"शी! दात किती दिसतायत," ती म्हणाली. "माझा पासपोर्टचा चांगला आलाय ना, तो लाव."