इंद्रायणी काठी, झेरॉक्सच्या दुकानी

काल संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात एका अनोळखी काकांनी माझ्या सहा वर्षांच्या कामावर निळ्या बॉलपेनने काट मारली. अजून पोटात ढवळतंय.

ग. दि. माडगूळकरांच्या यच्चयावत गाण्यांची सूची करायचं खूळ मला निवृत्तीनंतर लागलं. पहिली ओळ, सिनेमा, साल, संगीतकार, गायक. घरात याला ‘गदिमांचं रेशनकार्ड’ म्हणतात. नमुन्याचं एक पान चार जाणकारांना दाखवावं म्हणून प्रती काढायला गेलो आणि मशीन तापेपर्यंत कागद काउंटरवर ठेवला. तिथेच चुकलं.

काकांच्या एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्यात आधार कार्ड. वाचता वाचता थबकले.

“‘इंद्रायणी काठी’समोर हे काय लिहिलंय?”

“कवीचं नाव. माडगूळकर.”

“अहो, आळंदी कुणाची?”

“ज्ञानेश्वरांची, पण...”

“झालं तर!” मेथी माझ्या हातात देऊन त्यांनी खिशातलं पेन काढलं, नाव खोडलं आणि वर लिहिलं, ‘संत ज्ञानेश्वर’. अक्षर माझ्यापेक्षा सुरेख. ते जास्त झोंबलं.

मी सांगितलं, १९५३ चा सिनेमा, ‘गुळाचा गणपती’, संगीत पु. ल. देशपांड्यांचं, आवाज भीमसेनांचा.

“गणपती शाडूचा असतो,” काका म्हणाले.

“अहो, गाण्यात ज्ञानेश्वरांची समाधी लागलेली आहे. स्वतःच्या समाधीचं वर्णन कोण लिहील?”

“ते त्रिकालज्ञानी होते.”

यावर काय बोलणार? हातात मेथी घेऊन माणसाला वाद घालता येत नाही.

तशी ही सूची म्हणजे आधीच डोकेदुखी. गाण्यांच्या चोपड्या रद्दीत शोधायच्या, तर टाचणीच्या गंजाने नेमकं नाव खाल्लेलं. ‘गीतरामायण’ ही १९५५ ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालेली छप्पन्न गाणी. ती एक नोंद धरायची की छप्पन्न? बायको म्हणते, एकच धरा, लवकर आटपेल. आणि आमच्या सोसायटीच्या कोजागिरीला निवेदिका ‘बुगडी माझी सांडली गं’ला बिनदिक्कत ‘पारंपरिक लावणी’ म्हणाली. १९५९, ‘सांगत्ये ऐका’! पारंपरिक म्हणजे शोधायचा कंटाळा, दुसरं काही नाही. एरवी गाणं आशाताईंचं, नाहीतर बाबूजींचं. ज्याने लिहिलं तो माणूस १९७७ पर्यंत हयात होता, पुण्यात ‘पंचवटी’ नावाचं त्याचं घर होतं, तिथे पत्र टाकलं तर पोचायचं. त्याला उचलून थेट सातशे वर्षं मागे! लोक म्हणतात, कवीला याहून मोठी पावती कुठली? असेल. पण पावतीवर निदान नाव तरी बरोबर लिहा.

इकडे काका ‘विठ्ठला तू वेडा कुंभार’पाशी पोचले होते.

“हे गोरोबाकाकांचं.”

“१९६१. ‘प्रपंच’ नावाचा सिनेमा...”

“थांबा, आमचे व्याही तेरचेच.” आणि त्यांनी खरंच फोन लावला, स्पीकरवर. दुकानातली तीन माणसं कामं सोडून ऐकायला लागली. पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि व्याही म्हणाले, “म्हणजे काय! आमच्या गावचंच ते.” मग दोघांनी पाच मिनिटं जावयाच्या बदलीबद्दल बोलून घेतलं. तेवढ्यात दुसरी काट पडली.

मी प्रती काढू नको म्हणायला वळलो, तर पोऱ्याने चौदाच्या चौदा काढून ठेवल्या होत्या. निळी दुरुस्ती काळ्या शाईत ठसठशीत उमटली होती. “अठ्ठावीस रुपये,” तो म्हणाला. मी दिले.

काकांनी मेथी परत घेतली, आधार कार्ड तसंच विसरून पायरी उतरले आणि पुन्हा वर आले. मला वाटलं, कार्डासाठी.

“ते खालचं ‘एक धागा सुखाचा’ आहे ना,” ते म्हणाले, “ते कबीराचं. विणकर होता तो. मराठीत नंतर आणलं.”