बीटा लिनक्सची भीती: त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

यवतमाळ-वाशिमकडच्या गावोगावच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. तो लिनक्सबद्दल, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल आहे; बीटा म्हणजे तिची अंतिम होण्याआधीची, चाचणीची प्रत. थोडक्यात असा: "भाऊ, लिनक्सची बीटा टाकू नका. लॅपटॉप कायमचा बाद होते, सगळा डाटा पुसल्या जाते, गावातल्या लाइटीवर अन् नेटवर ते चालत नाही. चुका शोधणं इंजिनिअर लोकायचं काम आहे, आपलं नाही."

मेसेज पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नाही. असे लॅपटॉप आपल्याकडे शाळांत आणि घरांत धूळ खात पडलेत. त्यांच्यावर लिनक्स टाकून बघता येतं, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

"लॅपटॉप कायमचा बाद होते." या भीतीला एका खऱ्या घटनेचा आधार आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या उबुंटू १७.१० मुळे (उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार) काही लॅपटॉपच्या, विशेषतः लेनोवोच्या, बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, केलेले बदल जतन होईनात. कर्नलमधला (सिस्टीमच्या गाभ्यातला) एक इंटेलचा ड्रायव्हर चालू राहिला होता, त्यातून हे घडलं. डिसेंबरात ती प्रत डाउनलोडवरून काढली गेली, जानेवारी २०१८ मध्ये दुरुस्त प्रत आली. मात्र १७.१० ही बीटा नव्हती, अंतिम म्हणून जाहीर झालेली आवृत्ती होती! ती चूक बीटाच्या चाळणीतून निसटली होती. चाळणी बारीक व्हायची तर तऱ्हेतऱ्हेच्या मशीनवर बीटा चालवून बघणारी माणसं वाढली पाहिजेत. एरवी ऑपरेटिंग सिस्टीम बिघडली, तर दुसरी टाकता येते. मशीन तेच राहतं.

"सगळा डाटा पुसल्या जाते." लिनक्स टाकलेल्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू (बूट) करून 'इन्स्टॉल' ऐवजी 'ट्राय' निवडलं, की सिस्टीम पेनड्राइव्ह आणि रॅमवर चालते. तुम्ही स्वतः हार्डडिस्क उघडून काही बदलत नाही, तोवर आतल्या फाइली जशाच्या तशा राहतात. वायफाय लागतो का, आवाज येतो का, झाकण बंद करून उघडलं की स्क्रीन परत येते का, हे सगळं असंच तपासता येतं. पुसलं जातं ते इन्स्टॉल करताना पूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला तर. खरी जपण्याची जागा त्याच्याही आधी आहे: पेनड्राइव्ह तयार करताना निवडलेला ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, तेव्हा नाव आणि आकार दोनदा वाचा. आणि ज्या मशीनवर ऑनलाइन दाखल्यांचं काम चालतं, बोटांच्या ठशांचं यंत्र किंवा डिजिटल सहीचं टोकन लागतं, तिच्यावर बीटा इन्स्टॉल करूच नका. तिथे गावाचं काम अडतं.

लाइट आणि नेटबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. उबुंटू डेस्कटॉपची फाइल आता पाच जीबीच्या पुढे असते आणि बीटावर अपडेटही भरपूर येतात. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर ते जड जातं. फाइल तालुक्याच्या ठिकाणाहून एकदाच आणावी, चेकसम (फाइल नीट उतरली का हे सांगणारा आकडा) जुळवून पाहावा आणि तोच पेनड्राइव्ह गावात फिरवावा. नवी प्रत निघाली तर झेडसिंक नावाचा प्रोग्रॅम फक्त बदललेला भाग उतरवतो. 'ट्राय' करताना लाइट गेली तर नुकसान होत नाही. इन्स्टॉल मात्र बॅटरी धड असलेल्या लॅपटॉपवरच करावं.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो: चुका शोधणं आपलं काम नाही म्हणे. मग मराठी अक्षरं कोण तपासणार? 'वऱ्हाड' लिहून बघा. त्यातला र् आडव्या चिन्हाने नीट जोडला जातो, की पाय मोडलेला र वेगळा पडतो? मराठी वळणाचे 'श' आणि 'ल' येतात, की हिंदी वळणाचे? इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून J चं बटण दाबलं की 'ऱ' येतो का? ॲ कुठे आहे? यातली एखादी गोष्ट बिघडली असेल तर मराठी न वाचणाऱ्या इंजिनिअरला ती दिसणारच नाही, तो कितीही हुशार असो. उबुंटूची आवृत्ती दर एप्रिल आणि ऑक्टोबरात येते, बीटा त्याआधी काही आठवडे. तेवढ्या काळात सांगितलं तर चूक अंतिम प्रत निघण्याआधीच दुरुस्त होण्याची संधी असते. एप्रिलची प्रत दोन वर्षांतून एकदा दीर्घ मुदतीची असते, आणि ती शाळेच्या मशीनवर एकदा बसली की वर्षानुवर्षं तशीच राहते.

मोडक्यातोडक्या इंग्रजीतही बग (चूक) नोंदवता येतो. उबुंटूतली बग नोंदवायची आज्ञा मशीनची माहिती आणि कर्नलची आवृत्ती स्वतःच जोडते. त्यासोबत एक स्क्रीनशॉट द्यावा, कोणती बटणं दाबली, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, ते लिहावं.