खिडकीतून दिसणारी सुगरणीची पसंती

एका लेखात म्हटलंय की पक्ष्यांचं प्रियाराधन बघायचं तर गोव्यातल्या मोले किंवा खोतीगाव अभयारण्याचं रान गाठावं. मला नाही पटलं. आमच्या दिवाडी बेटावर स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेताच्या बांधावरचा माड दिसतो. पावसाळ्यात त्याच्या चुडतांवर (झावळ्यांवर) सुगरणींचा नुसता कल्ला असतो. नराचं डोकं हळदीसारखं पिवळं होतं. पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडायची, टोक धरून उडायचं, की लांब चीर सोलून येते. त्यातून शिरस्त्राणासारखं अर्धंच घरटं विणून तो थांबतो. मादी आली रे आली की सगळे नर घरट्यांना लटकून पंख फडफडवत ओरडायला लागतात. ती मात्र अर्ध्या घरट्याच्या मधल्या आडव्या दांडीवर बसून शांतपणे धागे ओढून बघते. (मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाच्या अगदी उलट!) पसंत पडलं तरच नराने पुढे ये-जा करायचा बोगदा विणायचा, नाहीतर घरटं तसंच सोडून द्यायचं. अंडी घातली की हा पठ्ठ्या दुसरीसाठी नवं घरटं विणायला मोकळा. ते मला अजिबात आवडत नाही.

आपल्या चोडणच्या अभयारण्याला ज्यांचं नाव आहे, त्या पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनीही सुगरणींचा अभ्यास 1930 साली अलिबागजवळ किहीमला, मुक्कामाच्या घरालगतच केला होता. आणि हो, पाडेल्याला (नारळ पाडणाऱ्याला) घरट्यांचा तेवढा माड दिवाळीपर्यंत सोडायला सांगा.