ग्लोव्हज घातले असते तर बोट वाचलं असतं का? वर्कशॉपवाल्या दादांना उत्तर

दादा, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. राग नाही आला, कारण त्यातलं निम्मं मी स्वतःच सुपरवायझर असताना बोलत होतो. तुमचं म्हणणं असं की मागच्या लेखात मी हाताच्या अपघातांचं सगळं खापर मालकावर फोडलं, खरं तर ग्लोव्हज देऊनही पोरं घालत नाहीत, लक्ष मोबाईलमध्ये, आणि बोट गेलं तरी ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) पैसे देतंच की.

मोबाईलचं मान्य. "मालकाला काय पडलंय" हे वाक्यही जरा जास्तच झालं, तुमच्यासारखे स्वतः मशीनवर उभे राहणारे मालक मी बघितलेत. पण ग्लोव्हजचं काही पटत नाही.

हिशोब करा ना. १२ एमएमची प्लेट, सहा मीटर बाय दीड मीटर. एक एमएम जाडीला चौरस मीटरमागे ७.८५ किलो, म्हणजे ही प्लेट जवळपास ८५० किलोची. ती क्रेनवरून खाली येतेय, खाली लाकडी गुटके ठेवलेत म्हणजे नंतर क्रेनचा बेल्ट ओढून काढता येईल, आणि शेवटच्या चार इंचात दिसतं की एक गुटका तिरका झालाय. हेल्पर काय करणार? वाकणार आणि हाताने सरळ करणार. मीपण केलंय, सगळेच करतात. नेमकं तेव्हाच पेंडंटवाल्याने (क्रेनची बटणं ज्याच्या हातात तो, त्याला पलीकडची बाजू दिसतच नसते) बटण दाबलं की संपलं. लेदरचे ग्लोव्हज प्लेटच्या कडेने, बरने (कडेला राहिलेल्या धारदार कोरीने) कापू देत नाहीत, त्यांचं काम तेवढंच, ८५० किलोखाली ग्लोव्ह काय आणि नुसती कातडी काय. उलट ड्रिल मशीनवर तेच ग्लोव्हज ड्रिलमध्ये गुंडाळले जातात आणि हात आत ओढला जातो, तिथे न घालणारा पोरगाच शहाणा.

भोसरीत आमच्या शेडमध्ये (नाव नको) हेच झालं. पोराचा कामावरचा तिसरा दिवस, उजव्या हाताची तर्जनी. सरळ कापलेलं बोट लवकर नेलं तर जोडायचा चान्स तरी असतो, चिरडून तुटलेल्यात रक्तवाहिन्याच पिचून जातात, बहुतेक वेळा काही उरत नाही. त्यात कोणीतरी धावत जाऊन रसवंतीतून बर्फ आणला आणि तुकडा थेट बर्फात टाकला. असं कधीच करू नका, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची.

आता ईएसआय. त्यांच्या तक्त्यात अख्खी तर्जनी गेली म्हणजे कमाईची ताकद १४ टक्के गेली, मधलं बोट १२, करंगळी ७, अंगठा ३०. पगाराचे ९० टक्के धरून त्यातले हे १४ टक्के, म्हणजे १५ हजारवाल्याला महिन्याला दोन हजारसुद्धा नाहीत. आणि ते तरी कधी, नाव नोंदवलेलं असेल तर. आमच्या त्या पोराचा ईएसआय नंबर कॉन्ट्रॅक्टरने अपघात झाल्यावर, त्याच संध्याकाळी काढला. हे फक्त आमच्याकडचं नाही, सेफ इन इंडिया म्हणून संस्था आहे, गुरुग्राम-फरिदाबादच्या ऑटो पार्टवाल्या कारखान्यांमधल्या अशा कामगारांसोबत काम करते, त्यांच्या रिपोर्टमध्येही हेच येतं, कार्ड हातात पडतं ते बोट गेल्यावर. पैसे देतं म्हणता, पण डबा उघडताना, शर्टाचं बटण लावताना तो पोरगा हाताकडे बघत बसायचा ते मी बघितलंय.

"मग उपाय सांगा, नुसतं लिहू नका" म्हणालात. सांगतो. आम्ही नंतर गुटके बंदच केले. स्क्रॅपमधल्या लोखंडी चॅनेलचे स्टँड बनवून जमिनीला अँकर केले, सरळ करायला खाली काही उरलंच नाही. प्लेट फिरवायला दोन कोपऱ्यांना दोरी, आणि ढकलायला मीटरभर पाइप, पुढे व्ही वेल्ड केलेला. अर्धा दिवस गेला, पैसे म्हणाल तर वेल्डिंग रॉड आणि अँकर बोल्टचे. तेव्हा छोट्या वर्कशॉपला परवडत नाही हे मला सांगू नका.

आणि एक, हे लेखात मुद्दाम लिहिलं नव्हतं. ही स्टँडची आयडिया आमच्या वेल्डरने अपघाताच्या महिनाभर आधीच सांगितली होती. मी म्हणालो होतो, हा डिस्पॅच जाऊ दे, मग बघू.

स्टँडची मापं हवी असतील तर खाली लिहा, फोटोसकट टाकतो.