दाव्याची कलमं सरळ हवीत? स्पेसबार दाबा

दिवाणी दावा म्हटला की कलमं पाडणं, म्हणजे मजकुराचे क्रमांक घातलेले परिच्छेद करणं, आलंच. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ६ नियम २ मध्येच सांगितलंय की परिच्छेद करा, त्यांना ओळीनं क्रमांक द्या आणि एकेक कथन शक्यतो वेगळ्या परिच्छेदात घाला. क्रमांकापासून मजकूर किती आत सरकवायचा, एवढं मात्र कायदा करणाऱ्यांनी तुमच्या मर्जीवर सोडलं. तेव्हा सांगलीत विजयनगरला, कोर्टाच्या आसपास टायपिंगला बसायचा विचार असेल, तर धंद्यातल्या काही गोष्टी आधीच अंगी बाणवून घ्या.

सगळ्यात आधी, मायक्रोसॉफ्ट वर्डवर विश्वास ठेवायचा नाही. एक, टिंब, स्पेस एवढं केलं की तो आगाऊपणानं पुढचे क्रमांक स्वतःच घालू लागतो. त्या आकड्यावर कर्सर जात नाही, क्लिक केलं तर नुसता करडा पडतो. ज्या आकड्यात आपल्याला कर्सरही नेता येत नाही, त्याच्या भरवशावर तासगावच्या द्राक्षबागेचं वाटप मागायचं? कंट्रोल झेड दाबा आणि आकडा हातानंच टाका.

आता आकड्यापुढे स्पेस द्या. किती, ते नजरेनं ठरवा. दुसरी ओळ कडेला चिकटली की आधीच्या ओळीच्या शेवटी एंटर मारून खाली पुन्हा तितक्याच स्पेस द्या. एंटर नको वाटला तर शिफ्ट-एंटर आहे. मजकूर दोन्ही कडांना जुळवलेला असला, की शिफ्ट-एंटरच्या आधी राहिलेले 'सबब' आणि 'दावा' हे दोन शब्द वादी-प्रतिवादीसारखे ओळीच्या दोन टोकांना जाऊन उभे राहतात. वकीलसाहेबांनी विचारलं तर प्रिंटरचा दोष आहे म्हणून सांगा. प्रिंटर उलटतपासणीला येत नाही.

वरच्या मोजपट्टीवर (रुलरवर) डावीकडे दोन त्रिकोण आणि एक चौकोन दिसेल. त्यांना हात लावू नका. वरचा त्रिकोण परिच्छेदाची पहिली ओळ सरकवतो, खालचा बाकीच्या ओळी, आणि चौकोन सगळ्यांना मिळून. हे ज्याला कळलं तो कंट्रोल टी दाबून पहिली ओळ बाहेर आणि उरलेल्या आत असं एका झटक्यात करतो आणि संध्याकाळी वेळेवर घरी जातो. असली माणसं या धंद्यात टिकत नाहीत. काही जण तर क्रमांकावर राइट क्लिक करून 'ॲडजस्ट लिस्ट इंडेंट्स' उघडतात, आकडा पाव इंचावर आणि मजकूर अर्ध्या इंचावर आहे ना ते बघतात, 'डिफाइन न्यू नंबर फॉरमॅट'मध्ये जाऊन आकड्यांची उजवी बाजू जुळवायला सांगतात, म्हणजे नऊवरून दहावर गेलं तरी टिंबं एका रेषेत राहतात. तुम्ही दहाव्या कलमापासून एक स्पेस कमी द्या. तेवढ्यानं रेषा जुळत नाही, पण प्रयत्न दिसतो.

(गंमत म्हणजे जुन्या टाइपरायटरलाही टॅब होता. कॉम्प्युटर आल्यावर आपण तो विसरलो, ही प्रगतीच म्हणायची.)

खरी कमाई कागद बदलला की सुरू होते. लीगल कागद साडेआठ इंच रुंद, ए-४ ८.२७ इंच. फरक पाव इंचही नाही. पण वकीलसाहेब "आता ए-४ वर द्या" म्हणाले, की एंटर मारून तोडलेल्या तुमच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द खाली सांडतो. चतुःसीमेत 'उत्तरेस' वरच्या ओळीत राहतो आणि कालवा खालच्या ओळीत वाहू लागतो. नऊ पानांचा दावा बारावर जातो. तुम्ही पानावर पैसे घेता ना? मग तक्रार कसली?

आणि मग, प्रिंट काढायच्या आधी, वकीलसाहेबांना तिसऱ्या कलमानंतर एक नवं कलम सुचतं. ते नेहमीच सुचतं. पुढचे सगळे आकडे हातानं एकेकानं वाढवा, पण मजकुराच्या पोटात 'वर कलम ६ मध्ये नमूद केल्याप्रमाणे' असं जे लिहिलंय ते तसंच राहू द्या. वर्डमध्ये क्रॉस-रेफरन्स नावाची सोय आहे, कंट्रोल ए आणि एफ ९ दाबलं की असले आकडे आपोआप बदलतात, पण त्यासाठी क्रमांक वर्डचे लागतात. ते आपण पहिल्याच दिवशी खोडले.

घाईत समोरच्या पक्षाला जुनी प्रत गेली तर आणखी बहार. कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, एकेका कलमाला उत्तर द्यायचं असतं, आणि जे स्पष्टपणे नाकारलं नाही ते ऑर्डर ८ नियम ५ प्रमाणे कबूल धरलं जाऊ शकतं. समोरचा टायपिस्टही तुमच्याच तालमीतला. 'कलम ४ मधील मजकूर साफ खोटा व लबाडीचा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही,' असं तो ठोकून देतो. कोर्टातल्या प्रतीत कलम ४ आता वेगळंच असतं आणि जे नाकारायचं होतं ते पाचवर सरकलेलं असतं. असंच पुढे सरकत सरकत प्रतिवादी आपण वादीचा सख्खा भाऊ असल्याचं नाकारतो, आणि बांध कोरल्याचं कबूल करून बसतो.

घाबरू नका. ऑर्डर ६ नियम १७ खाली दुरुस्तीचा अर्ज देता येतो. तो टाइप करावा लागतो, आणि त्यालाही कलमं असतात.