पिनोशेच्या कोठड्या आणि ‘मोजक्यांचा अतिरेक’

चिलीत ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर सत्तेवर आलेल्या जनरल पिनोशेच्या राजवटीची पाठराखण करताना एक युक्तिवाद वारंवार पुढे केला जातो. त्याचा आशय असा, की राजकीय कैद्यांचा छळ झाला, पण तो मोजक्या अधिकाऱ्यांचा अतिरेक होता; तो सशस्त्र बंडखोरांपुरता होता; त्या कठोरपणामुळेच अर्थव्यवस्था सावरली; आणि कैद्यांच्या जबान्या बहुतांशी पढवलेल्या आहेत.

अतिरेकाचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीची इमारत त्यावरच उभी आहे. ‘दिना’ ही गुप्त पोलीस यंत्रणा जून १९७४ मध्ये रीतसर हुकूमनाम्याने स्थापन झाली आणि तिचा प्रमुख मानुएल कोन्त्रेरास थेट पिनोशेला उत्तरदायी होता. पुढे लोकशाही सरकारने या छळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वालेच आयोगाने देशभरात अकराशेहून अधिक अटकस्थळे नोंदवली. त्यांत क्रीडांगणे, लष्करी तळ, पोलीस ठाणी आणि नौदलाची जहाजेही होती. सान्तियागोतील व्हिया ग्रिमाल्दी या ‘दिना’च्या छळकेंद्रात कैद्याला विवस्त्र करून लोखंडी पलंगाच्या उघड्या चौकटीला बांधत आणि विजेचे झटके देत. अशा प्रसंगी काही ठिकाणी डॉक्टर हजर असे, तो उपचारांसाठी नव्हे, तर कैदी आणखी किती सोसू शकेल हे सांगण्यासाठी. संतापाच्या भरात हात उगारणारा अधिकारी डॉक्टरची सोय करून ठेवत नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये लष्करप्रमुख जनरल चेयरे यांनी या कृत्यांची संस्थात्मक जबाबदारी लष्कराच्या वतीने स्वीकारली. आजचे समर्थक मात्र राजापेक्षा राजनिष्ठ राहू पाहतात.

‘फक्त बंडखोर’ हे म्हणणे तर दोन उदाहरणांतच कोसळते. हवाई दलाचे जनरल आल्बेर्तो बाचेलेत यांनी शस्त्र उचलले नव्हते. उठावात सामील न होता घटनात्मक सरकारशी ते एकनिष्ठ राहिले. त्यांच्याच दलातील लोकांनी त्यांचा छळ केला आणि मार्च १९७४ मध्ये ते तुरुंगात मरण पावले. ब्रिटिश डॉक्टर शीला कॅसिडी यांचा १९७५ मधील ‘गुन्हा’ म्हणजे एका जखमी बंडखोरावर उपचार करणे. त्यांच्या छळामुळे ब्रिटनने आपला राजदूत परत बोलावला.

अर्थव्यवस्थेचे उत्तर थोडक्यात देता येते. याच राजवटीत १९८२ साली राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १४ टक्क्यांनी घसरले. त्याआधीची वा नंतरची वाढ खरी मानली, तरी कैद्याला झटके दिल्याने कोणत्या कारखान्याचे उत्पादन वाढले, हे अद्याप कोणी दाखवलेले नाही.

राहिला जबान्यांचा प्रश्न. सान्तियागोतील लोन्द्रेस ३८ या ‘दिना’च्या ताब्यातील घरात दिवसभर डोळ्यांवर पट्टी बांधून खुर्चीवर बसवलेल्या कैद्यांना पट्टीखालच्या फटीतून काळ्या-पांढऱ्या फरशा दिसत आणि जवळच्या सान फ्रान्सिस्को चर्चच्या घंटा ऐकू येत. या खुणांवरूनच त्यांनी पुढे ते घर ओळखले. मधल्या काळात त्या घराचा क्रमांक बदलून ४० करण्यात आला होता. शिवाय जबानी देणाऱ्यांनी जे सांगितले ते सगळेच आयोगाने मान्य केले, असेही घडलेले नाही: पहिल्या टप्प्यात ३५ हजारांहून अधिक जणांनी जबानी दिली, त्यांपैकी सुमारे २८ हजारांनाच पीडित म्हणून मान्यता मिळाली.